स्कीचा बेस दरवर्षी पांढरा, कडा गंजलेल्या: विदर्भात स्की ठेवणाऱ्यांसाठी

डिसेंबर-जानेवारीत पिशवीची चेन उघडली की दरवर्षी तेच दिसतं. बेस, म्हणजे स्कीचा बर्फावर घसरणारा तळ, कडेकडेने राखाडी-पांढरा पडलेला, पोलादी कडांवर तांबूस गंज, मधे कुठे काळपट चिकट डाग. मग घाईघाईने इस्त्री तापवून वॅक्स मारायचं, दोन दिवसांनी नागपूरहून गाडी पकडायची. औलीच्या किंवा गुलमर्गच्या पहिल्याच सपाट तुकड्यावर बाकीचे पुढे निघून जातात आणि आपली स्की जागीच थांबते.

आमच्या गटातल्या एका पोराने मागे विचारलं होतं, "भाऊ, वॅक्स तं मी दरसाल मारतो. तरी स्की पयल्याच दिवशी अडकते. किती खेपा मारा लागते मंग?"

किती खेपा ते पुढे येईलच. पण त्याची स्की उन्हाकडे धरून पाहिली तेव्हा अडचण वेगळीच निघाली. वर वॅक्स होतं आणि त्याखाली काळ्या मातीची बारीक धूळ तशीच दाबली गेली होती. दर डिसेंबरला तो मळावर वॅक्स मारत होता. आपल्या भागातल्या बहुतेक स्कींचं दुखणं हेच आहे. वर्षातले फार तर पंधरा-वीस दिवस स्की बर्फावर असते, बाकीचं सगळं वर्ष ती आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काढते. ती खराब होते ती इथे, घरात. म्हणून बर्फावरच्या वॅक्सइतकंच होळी ते दिवाळीचं वेळापत्रक महत्त्वाचं आहे.

बेसला वॅक्स कशाला लागतं

स्कीचा बेस पॉलिइथिलीनचा असतो, म्हणजे आपल्या प्लास्टिकच्या डब्याच्याच जातीतला, पण फार मोठ्या रेणूंचा आणि घासणं सहन करणारा. तो दोन प्रकारचा येतो. सिंटर्ड बेस भुकटी उष्णतेने आणि दाबाने घट्ट करून बनवतात, त्यात वॅक्स चांगलं मुरतं. एक्स्ट्रुडेड बेस वितळवून पट्टी ओढून बनवतात. तो स्वस्त असतो, दुरुस्तीला सोपा असतो आणि वॅक्स कमी पितो. मनालीत किंवा गुलमर्गला जुन्या भाड्याच्या स्की विकत मिळतात, त्यांत दुसरा प्रकार बराच आढळतो. अशा स्कीला तासन्‌तास इस्त्री करण्यात अर्थ नाही. पातळ थर, पण वारंवार, हे तिला पुरतं.

स्की घसरते तेव्हा घर्षणाने बर्फावर पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो. वॅक्स त्या पाण्याला बेसवर चिकटू देत नाही आणि बर्फाच्या टोकदार कणांपासून बेस वाचवतं. वॅक्स संपलं की ते कण थेट प्लास्टिक घासतात, त्याचे बारीक तंतू उभे राहतात, आणि तोच तो पांढरेपणा. कडांजवळ तो आधी दिसतो कारण वळताना सगळा भार तिथे येतो.

तपासायचं असं: सकाळी दारातून ऊन तिरपं येतं तेव्हा स्की डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरा आणि टोकाकडून शेपटीकडे बघा. निरोगी काळा बेस ओलसर, खोल दिसतो. कोरडा बेस धुळकट दिसतो, पण फडकं फिरवलं तरी तो रंग जात नाही. फडक्याने गेला तर ती नुसती धूळ आहे, वॅक्सची घाई नको.

होळीच्या सुमाराला, परत आल्या आल्या

सगळं बिघडायला सुरुवात इथून होते. मार्चमध्ये औलीत दुपारी बर्फ ओला झालेला असतो, स्की ओलीच पिशवीत जाते, दोन रात्रींचा प्रवास, आणि घरी पारा अडतीस-चाळीसवर. माणूस थकलेला असतो, पिशवी कोपऱ्यात उभी राहते आणि आत कडा गंजू लागतात. आल्या दिवशी दुसरं काही जमलं नाही तरी पिशवी उघडून स्की बाहेर काढा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडा जुन्या सुती धोतराच्या फडक्याने कोरड्या पुसा. नवं टेरिकॉट कापड पाणी टिपत नाही, धोतराचं टिपतं.

कडांवर वरवरचा तांबूस गंज आला असेल तर गमी स्टोन, म्हणजे रबरात घासणारे कण असलेला छोटा ठोकळा, कडेच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. बारीक डायमंड स्टोन असेल तर तो पाण्यात बुडवून वापरा, मग लगेच पुसा. विळ्याला धार लावायचा दगड इथे चालत नाही, तो फार खरबरीत असतो. वेल्डिंगच्या दुकानातलं ग्राइंडर तर लांबच ठेवा. त्या उष्णतेने कडेच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि बाजूचं प्लास्टिक वितळतं. आपल्याकडचे कारागीर हुशार आहेत, नांगराच्या फाळाला ते उत्तम धार करतात, पण कडेचा कोन साधारण 87 किंवा 88 अंशाचा असतो आणि तो राखायला फाइल, म्हणजे कानस, ठराविक कोनात धरणारं मार्गदर्शक साधनच लागतं.

मग बेस साफ करून साठवणीचं वॅक्स. त्याआधी एक महत्त्वाचा बदल, जो थंड देशातल्या सल्ल्यांत सापडणार नाही. तिकडे सांगतात, उन्हाळ्यासाठी सगळ्यात मऊ, म्हणजे गरम बर्फाचं पिवळं वॅक्स जाड लावा आणि तळघरात ठेवून द्या. तिथलं तळघर वीस अंशांचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर पंचेचाळीस ओलांडतात, आणि टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त तापतं. मऊ पॅराफिन पन्नाशीच्या आसपास ढिलं होतं. थर ओघळतो, कडा उघड्या पडतात, आणि उरलेल्या चिकट थरावर वावरातली धूळ बसते. त्या पोराच्या स्कीवर नेमकं हेच झालं होतं. म्हणून आपण मधल्या तापमानाचं, बहुतेक कंपन्यांत लाल रंगाचं, किंवा सर्व तापमानांचं युनिव्हर्सल वॅक्स लावायचं. थर जाड ठेवायचा, खरवडायचा नाही, आणि कडांच्या पोलादावरही उतरू द्यायचा. काम पहाटे किंवा रात्री करा. दुपारी वॅक्स बसतच नाही.

मेणबत्ती चालेल का, हे नेहमी विचारतात. साध्या पांढऱ्या मेणबत्तीत पॅराफिन असतं, म्हणून अगदी नाइलाज असेल तर कडांना गंजापासून वाचवायला साठवणीत ते चालून जातं, पण हिवाळ्यात ते पूर्ण काढून टाकावं लागतं. रंगीत किंवा सुगंधी मेणबत्ती नको. मेळघाटातलं मधमाशांचं मेण चिकट असतं, ते बर्फावर घसरत नाही. खोबरेल तेल, ग्रीस, डिझेल यांतलं काहीही बेसला लावू नका. कडांना तेलाचा हात फिरवायचा मोह होतो, पण ते तेल पसरत बेसवर येतं आणि मग वॅक्स धरत नाही.

कुठे ठेवायची

कवेलूच्या घरातली मातीच्या भिंतीची मधली खोली सगळ्यात चांगली. दिवाणाखाली किंवा भिंतीला लागून आडवी ठेवा. दोन स्की बेसला बेस लावून ठेवायच्या, पण पट्टा मध्यभागी आवळून स्कीची मधली कमान सपाट करायची नाही.

दोन जागा हमखास चुकीच्या निवडल्या जातात. पहिली कूलरची खोली. खोली थंड असते म्हणून लोक तिथे ठेवतात. पण पाण्याचा कूलर रात्रंदिवस ओली हवा फेकतो आणि ऐन मे महिन्यात, बाहेर सगळं कोरडंठाक असताना, कडा गंजतात. वाळ्याचे ताटे लावलेल्या खोलीतही तेच.

दुसरी जागा कोठ्याशेजारची, जिथे खताच्या थैल्या ठेवतात. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड पोलादाचा वैरी आहे. युरिया हवेतलं पाणी ओढतो. थैल्या फुटतात, भुकटी उडते, बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगपर्यंत जाते. कडेचा गंज घासून काढता येतो. बाइंडिंगच्या आतला काढता येत नाही, आणि पडल्यावर पाय सोडवायचं काम तीच बाइंडिंग करते. त्यामुळे स्की आणि खत एका छताखाली ठेवायचंच नाही, जागा कितीही कमी असो.

मृगाच्या आधी एकदा, पोळ्याला एकदा

मे संपता संपता, पहिला पाऊस यायच्या आधी, स्की बाहेर काढून बघा. कडांवरचं वॅक्स शाबूत आहे का, एवढंच बघायचं. कुठे उघडं पोलाद दिसलं तर तिथे वॅक्सची वडी नुसती घासून थर भरा, इस्त्री काढायची गरज नाही. धूळ चिकटली असेल तर मात्र तो थर प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडून नवा द्या. या दिवसांत पेरणीची घाई असते, हे मला माहीत आहे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे चार महिने ते राखतं.

पोळ्याच्या सुमाराला झड लागून गेलेली असते, भिंतींना ओल असते. तेव्हा पिशवी उघडून दिवसभर हवेशीर ठेवा, कडा बघा, बास.

दिवाळीनंतर: वॅक्स मारण्याआधी मळ काढा

इथे घाई केली की वर्षभराची मेहनत वाया जाते. साठवणीचा थर खरवडून काढल्यावर ब्रश मारून लोक थेट नवं वॅक्स लावतात. मधे एक पायरी आहे, गरम खरवड. मऊ पिवळं वॅक्स वितळवून बेसभर पसरवा आणि ते गोठायच्या आत, गरम असतानाच स्क्रॅपरने ओढून काढा. वितळलेलं वॅक्स आतला मळ वर आणतं. पहिल्या खेपेला स्क्रॅपरच्या धारेवर जमलेलं वॅक्स राखाडी, कधी काळपट असतं. फडक्यावर पुसून बघा. दुसऱ्या खेपेला रंग फिका होतो. वॅक्स जसं टाकलं तसंच स्वच्छ पिवळं निघेपर्यंत करत राहा. तीन खेपा लागणं सामान्य आहे. खताच्या खोलीत राहिलेल्या स्कीला जास्तही लागतात.

बाजारात बेस क्लीनर म्हणून द्रावण मिळतं. ते पटकन होतं, पण मळाबरोबर मुरलेलं वॅक्सही ओढतं आणि बेस आणखी कोरडा पडतो. मी ते फक्त डांबर किंवा ग्रीसच्या डागापुरतं वापरतो.

गरम खरवडीनंतर पितळी ब्रश टोकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने. मग प्रवासाचं वॅक्स, ज्याच्यावर तुम्ही पहिल्या दिवशी बर्फावर उतरणार. हे गार होऊ द्या, निदान अर्धा-एक तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग स्क्रॅपरने पातळ होईपर्यंत काढा आणि नायलॉन ब्रश मारा. बेसवर दिसेल असं वॅक्स शिल्लक ठेवायचं नसतं. जे काम करतं ते आत मुरलेलं असतं. वर राहिलेला थर बर्फावर ओढच आणतो.

स्कीचे ब्रेक वर धरून ठेवायला जुन्या सायकलच्या ट्यूबचं गोल कापलेलं कडं पुरतं. दोन लाकडी ठोकळ्यांवर स्की ठेवली की टेबल झालं.

इस्त्रीची गोष्ट

बेस एकदा जाळला की घरी दुरुस्त होत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

बेसचं पॉलिइथिलीन साधारण 130 ते 135 अंशांच्या दरम्यान वितळायला लागतं. वॅक्सच्या वेष्टनावर इस्त्रीचं तापमान छापलेलं असतं. मऊ वॅक्सला 110-120, कडक थंडीच्या वॅक्सला 140-150 पर्यंत. इस्त्री सतत चालती ठेवली तर बेस स्वतः एवढा तापत नाही. थांबली की जळतो. कपड्यांच्या इस्त्रीवरची सुती कपड्यांची खूण दोनशेच्या आसपास जाते. ती खूण या कामाला कधीच लावायची नाही. वॅक्समधून धूर निघाला की इस्त्री जास्त गरम आहे, लगेच बाजूला घ्या.

खरी पंचाईत खेड्यातल्या विजेची. व्होल्टेज पडलं की इस्त्री तापत नाही, म्हणून आपण बटण पुढे फिरवतो, आणि पंप बंद झाल्यावर व्होल्टेज एकदम चढतं. साध्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट तसाही पंधरा-वीस अंशांनी वरखाली झोके खातो. उपाय सोपा आहे. गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, असलेला मल्टिमीटर मिळू शकतो. त्याचं टोक इस्त्रीच्या तळाला लावून बटणाची कोणती जागा 120 देते ते एकदा बघून खूण करून ठेवा. आणि कामाच्या दिवशी, वॅक्स टाकायच्या आधी, पुन्हा एकदा तपासा. धोब्याची कोळशाची इस्त्री कितीही भारी असली तरी नको, तिच्यावर तापमानाचा ताबाच नसतो. वाफेची इस्त्री नको, तिच्या भोकांत वॅक्स भरतं. आणि जी इस्त्री वॅक्सला वापरली ती पुन्हा कपड्यांना नाही.

वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवून थेंबांची रेघ बेसभर सोडा. मग टोकापासून शेपटीपर्यंत एका चालीत, दहा-बारा सेकंदांत, इस्त्री न थांबवता न्या. इस्त्रीच्या मागे ओल्या वॅक्सची चार-पाच बोटांची शेपटी दिसली पाहिजे. दोन-तीन चालींनंतर स्कीच्या वरच्या बाजूला तळहात लावा. कोमट लागली की थांबा. गरम लागली तर आधीच उशीर झाला.

जुन्या सामानाबरोबर फ्लोरिन असलेल्या वॅक्सच्या वड्या येतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या मोसमापासून स्पर्धांमध्ये त्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. हे रसायन निसर्गात नष्ट होत नाही आणि गरम इस्त्रीखालचा त्याचा धूर छातीला घातक असतो. बंद खोलीत, घरात लहान मुलं असताना ते वितळवायचा प्रश्नच येत नाही. कोणतंही वॅक्स असो, खरवडलेला कीस वर्तमानपत्रात गोळा करा. अंगणात पडला तर कोंबड्या टिपतात.

बर्फावर किती वेळा

आता त्या पोराचा मूळ प्रश्न. सिंटर्ड बेस, नैसर्गिक बर्फ, दिवसभर घसरणं: तीन ते पाच दिवसांनी एकदा गरम वॅक्स. रात्री गोठलेला टणक पृष्ठभाग असेल किंवा यंत्राने पाडलेला बर्फ असेल तर दोन दिवसांनीच, कारण ते कण जास्त घासतात. ताज्या, फार थंड बर्फाचे कणही टोकदार असतात. मार्चचा मऊ, ओला बर्फ कमी घासतो, पण पिवळं वॅक्स नसेल तर बेसला पाणी धरतो. दिवस मोजून जमत नसेल तर रोज संध्याकाळी कडांजवळचा पांढरेपणा बघा, तो दिसला की त्याच रात्री वॅक्स. नुसतं घासून लावायचं किंवा पेस्टचं वॅक्स अर्धा दिवस टिकतं. तेवढ्यासाठी ते चांगलं, पण त्यावर आठवडा काढू नका.

रंग निवडताना हवेचं नव्हे, बर्फाचं तापमान धरा. गुलमर्गमध्ये खालचं मैदान साधारण 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अफरवट डोंगरावर जवळपास 3,980 मीटरपर्यंत नेते. एवढ्या चढाईत आठ-नऊ अंशांचा फरक सहज पडतो. वरून खाली येणार असाल तर वरच्या बर्फाचं, म्हणजे थंडीकडचं वॅक्स लावा. कडक वॅक्स खाली ओल्या बर्फात थोडं हळू चालतं. मऊ वॅक्स वरच्या थंड बर्फात मात्र कणांना धरून ठेवतं आणि स्की ओढत नेल्यासारखी होते. शंका असेल तेव्हा नेहमी थंडीकडे झुकायचं.

खोल चरे

औलीत मोसमाच्या शेवटी बर्फ पातळ होतो, खालचे दगड लागतात. नुसता ओरखडा असेल तर काही करू नका, वॅक्सने भागतं. नख अडकेल एवढा चरा असेल तर पॉलिइथिलीनची कांडी पेटवून थेंब चऱ्यात सोडतात. ज्योत लहान आणि निळी ठेवली म्हणजे काजळी आत जात नाही. थोडं जास्त भरायचं, गार झाल्यावर धारदार स्टीलच्या पट्टीने बेसच्या पातळीला आणायचं.

पण चऱ्यात आतलं लाकूड दिसत असेल, किंवा चरा कडेला चिकटून असेल, तर कांडीचं भरण टिकत नाही. तिथे इपॉक्सी लागतं, आणि चांगलं काम हवं असेल तर बेसचाच तुकडा कापून बसवावा लागतो. हे काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका. उघडं लाकूड पावसाळ्याची ओल पितं, फुगतं, कड उचलली जाते, आणि दिवाळीत तुमच्या हातात दुरुस्त न होणारी स्की येते. आधी लाकूड चार-पाच दिवस उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सावलीत वाळू द्या, मग भरा. एप्रिल-मे यासाठी उत्तम, आणि या एका कामात आपली हवा थंड देशांपेक्षा बरी पडते.